बंदूक कानासाठी नाही, पिकअपसाठी बनव

प्रश्न थोडक्यात असा: ‘काका, आमच्या कॉलेजची टीम पुण्यातल्या फिरोदिया करंडक या आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेची तयारी करतेय. एका प्रसंगात गिटारमधून खेळण्यातल्या रे-गनचा ‘प्यूऽऽ’ असा आवाज हवा आहे. तुळशीबागेतून बंदूक आणली, चांगली मोठ्यानं वाजते, पण गिटारच्या पिकअपजवळ धरली तर अँपमधून काहीच येत नाही. ५५५ ही टायमर चिप वापरून घरी बनवता येईल का? सोल्डरिंग जमतं, सर्किट मात्र स्वतः कधी आखलेलं नाही.’

बनवता येईल, आणि खर्चही फार नाही. पण तुझी बंदूक गप्प का राहिली ते आधी समजून घे. ते कळलं नाही तर घरी बनवलेलीही तशीच गप्प राहील.

गिटारचा पिकअप म्हणजे मायक्रोफोन नव्हे. चुंबकाभोवती तांब्याच्या बारीक तारेचे हजारो वेढे, एवढंच त्यात असतं. पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांमध्ये विद्युतदाब तयार होतो. हवेतला आवाज त्याला ऐकू येत नाही. जुन्या किंवा सैल गुंडाळलेल्या पिकअपमध्ये वेढे आवाजानं थरथरतात, म्हणून तिथं थोडंफार येतं. हल्ली बरेच पिकअप मेणात बुडवून घट्ट केलेले असतात, त्यांत तेही येत नाही. मग काही गिटारवादकांच्या खेळण्यातल्या बंदुका पिकअपमधून इतक्या छान का वाजतात? कारण त्यांच्यात कॉइल असलेला छोटा स्पीकर असतो. त्या कॉइलमधला बदलता प्रवाह स्वतःच बदलतं चुंबकीय क्षेत्र तयार करतो आणि पिकअप ते थेट पकडतो. स्पीकरचा कागद फाटलेला असला तरी चालतं.

तुझी बंदूक उघडून बघ. आत पितळेची पातळ गोल चकती दिसली तर तो पायझो आहे, म्हणजे विजेनं थरथरून आवाज करणारी चकती. पायझोत कॉइल नसते, त्यामुळे पिकअपच्या दृष्टीनं तिथं जवळपास काहीच घडत नाही. मी स्वतः पहिल्यांदा अशी बंदूक करून दिली तेव्हा हेच चुकलो होतो. पायझो लावला, घरात कान फाटेल इतका आवाज आला. गिटारवाल्या मित्रानं त्याच्या जुन्या गिटारवर वाजवून पाहिलं, तिथंही आला. कार्यक्रमाच्या दिवशी त्यानं दुसरी, नवीन गिटार आणली, पिकअप मेणातले, आणि ऐन प्रसंगात स्टेजवर शांतता. त्याला त्या रात्री जे वाटलं ते मी विसरलेलो नाही. तेव्हापासून मी आधी कॉइल ठरवतो आणि सर्किट नंतर आखतो.

आता आवाजाबद्दल. रे-गनचा आवाज वरून खाली घसरणारा असतो, आणि सुरुवातीला झपकन, मग हळूहळू. हे कुणी मनानं ठरवलेलं नाही. १९७७ च्या ‘स्टार वॉर्स’साठी ध्वनिरचनाकार बेन बर्ट यांनी बंदुकांचा मूळ आवाज एका रेडिओ टॉवरच्या ताणलेल्या तारेवर हातोडी मारून मिळवला होता. जाड ताठ तारेतून उंच सूर लवकर पोचतात आणि खालचे मागून येतात, म्हणून एकच ठोका कानाला ‘प्यू’ असा घसरत येतो. आपल्याला हीच घसरण विजेनं करायची आहे. कपॅसिटर रेझिस्टरमधून भरतो तेव्हा त्याचा व्होल्टेजही असाच, आधी झपाट्यानं आणि मग रेंगाळत वाढतो. त्यामुळे सूर त्या व्होल्टेजवर टांगला की अर्धं काम झालं.

५५५ ही चिप हॅन्स कॅमेंझिंड यांनी १९७१ मध्ये सिग्नेटिक्ससाठी आखली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. आजही ती बुधवार पेठेत कुठल्याही काउंटरवर मिळते. आपल्या कामाची तिची पिन म्हणजे ५ नंबरची, कंट्रोल. बहुतेक आकृत्यांत तिथं एक छोटा कपॅसिटर लावून ती विसरली जाते. चिपच्या आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर एका रांगेत असतात आणि पिन ५ त्यांच्या वरच्या सांध्यावर असते. म्हणून तिथं आपोआप पुरवठ्याच्या दोन तृतीयांश व्होल्टेज असतो, ९ व्होल्टच्या बॅटरीवर ६ व्होल्ट. तो खाली ओढला की सूर चढतो, वर जाऊ दिला की सूर उतरतो.

आता युक्ती बघ. पिन ५ वर जमिनीकडे, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाकडे, ४७ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर लाव. बाहेरचा एकही रेझिस्टर नको. आतले रेझिस्टर मिळून त्या पिनला साधारण ३.३ किलोओहमसारखे दिसतात, म्हणजे टाइम कॉन्स्टंट (भरण्याच्या वेगाचं माप) सुमारे ०.१६ सेकंद. बॅटरी जोडली की रिकामा कपॅसिटर भरू लागतो, पिन ५ चा व्होल्टेज चढतो आणि सूर खाली घसरतो. ट्रिगर म्हणजे फक्त पुरवठ्याचं बटण. लांब घसरण हवी असेल तर १०० मायक्रोफॅरड लाव, टाइम कॉन्स्टंट ०.३३ सेकंद होईल. मला ४७ आवडतो. १०० नं आवाज बंदुकीऐवजी पडणाऱ्या बॉम्बसारखा होतो.

बाकीची जोडणी नेहमीचीच. पिन १ जमीन, पिन ८ आणि ४ पुरवठ्याला, २ आणि ६ एकत्र. ८ ते ७ मध्ये आर-१, ७ ते ६ मध्ये आर-२, आणि ६ पासून जमिनीला टायमिंगचा कपॅसिटर. आर-१ ला १०० किलोओहम, आर-२ ला ४.७ किलोओहम आणि कपॅसिटर २२ नॅनोफॅरडचा, ज्यावर २२३ छापलेलं असतं.

या दोन आकड्यांवर मी मुद्दाम थांबतो, कारण बहुतेकांची बंदूक इथंच फसते. सर्वसाधारण आकृत्यांत आर-२ मोठा आणि आर-१ लहान असतो, कारण त्यानं चौकोनी लाट वर आणि खाली सारखाच वेळ राहते. पण ५५५ चा टायमिंग कपॅसिटर रिकामा व्हायला लागणारा वेळ पिन ५ वर अवलंबूनच नसतो. तो नेहमी आर-२ आणि कपॅसिटरच्या गुणाकाराच्या ०.६९३ पट असतो, पिन ५ कुठंही असो. बदलतो तो फक्त भरण्याचा वेळ. म्हणून आर-२ मोठा असेल तर लाटेचा मोठा भाग न बदलणारा राहतो आणि सूर हलतच नाही. आर-१ १० किलो आणि आर-२ ४७ किलो ठेवून हिशेब करून पाहा, घसरण जेमतेम एक सप्तक येते. वरच्या आकड्यांनी सूर साडेतीन हजार हर्ट्झच्या आसपास सुरू होऊन ६०० वर येतो, म्हणजे अडीच सप्तकं. ‘प्यू’ आणि ‘पूं’ यांतला फरक एवढाच आहे.

याची किंमत एकच. आर-२ लहान असल्यामुळे खालच्या सुरावर लाट जवळजवळ पूर्ण वेळ वर असते आणि क्षणभरच खाली येते. आवाज किरटा, नाकातला होतो. माझ्या मते रे-गनला तो शोभतो. पण भरदार हवा असेल तर ५५५ नंतर सीडी४०१३ ही फ्लिप-फ्लॉप चिप लावून वारंवारता निम्मी कर, लाट अगदी समान होते. तेव्हा टायमिंगचा कपॅसिटर १० नॅनोफॅरड कर म्हणजे सूर जवळपास तिथंच राहील. ४०१३ ला कॉइल चालवण्याइतकी ताकद नसते, पुढं एक बीसी५४७ ट्रान्झिस्टर लागेल. पहिल्या बंदुकीत हे करू नकोस.

आता ट्रिगर. नुसतं साधं बटण लावलंस तर पहिली गोळी छान सुटेल आणि लगेच दुसरी मारलीस तर अर्धवट येईल. कारण बटण सोडल्यावर पिन ५ चा कपॅसिटर आतल्या रेझिस्टरमधून सावकाश रिकामा होतो, आणि दुसरी गोळी मधूनच सुरू होते. उपाय म्हणून तीन टोकांचा मायक्रोस्विच घे. सामाईक (COM) टोक सर्किटच्या पुरवठ्याच्या पट्टीला, म्हणजे पिन ८ आणि ४ जिथं जोडल्या तिथं, जोड. दाबल्यावर जोडलं जाणारं टोक बॅटरीच्या धन बाजूला. सोडल्यावर जोडलेलं राहणारं टोक १०० ओहममधून जमिनीला. मग एक १एन४१४८ डायोड पिन ५ पासून पुरवठ्याच्या पट्टीकडे लाव, काळी रेघ पट्टीच्या बाजूला. बटण दाबलेलं असताना पट्टी पिन ५ पेक्षा वर असते, डायोड उलटा राहतो, जणू नाहीच. बटण सोडताच पट्टी जमिनीवर येते आणि कपॅसिटर डायोडमधून पन्नासेक मिलिसेकंदांत रिकामा होतो. त्यात अर्धा-पाऊण व्होल्ट उरतो तो बरा. अगदी शून्याजवळ ५५५ नीट चालत नाही, क्षणभर गप्प राहते. एवढा छोटा विराम कानाला कळत नाही, उलट गोळी सुटल्यासारखी वाटते. आता बोट कितीही भराभर चालव, प्रत्येक गोळी वरूनच सुटेल.

बोट दाबून ठेवलंस तर सूर खाली येऊन ६०० हर्ट्झवर अडकून गुणगुणत राहील. नाटकात ते नको असतं, झटक्यात सोडायची सवय कर. अडकणारा सूर गाण्याच्या पट्टीत बसवायचा असेल तर १०० किलोच्या जागी ४७ किलोचा रेझिस्टर आणि १०० किलोचा पॉट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) एका रांगेत लाव. शेवटचा सूर साधारण ४२० ते ११६० हर्ट्झमध्ये कुठंही नेता येतो.

सलग गोळीबार हवा असेल तर दुसरी ५५५ लाव, सावकाश चालणारी. तिचा आर-१ म्हणजे २२ किलो आणि २२० किलोचा पॉट, आर-२ २२ किलो, कपॅसिटर ४.७ मायक्रोफॅरड. तिच्या पिन ३ पासून, म्हणजे आउटपुटपासून, १ किलोओहम आणि १एन४१४८ मधून पहिलीच्या पिन ५ ला जोड, रेघ दुसऱ्या चिपच्या बाजूला, मध्ये एक टॉगल स्विच. दुसरी चिप क्षणभर खाली गेली की पिन ५ ला खाली ओढते, वर गेली की सोडून देते. सेकंदाला एकापासून साडेचारपर्यंत गोळ्या सुटतात. वेग वाढवलास की सूर तळापर्यंत उतरायच्या आत पुन्हा वर खेचला जातो, त्यामुळे गोळीबार आपोआप उंच आणि चिडलेला वाटतो. हे मला फार आवडतं, ते सुधारायला जाऊ नकोस. आणखी जलद हवं असेल तर ४.७ च्या जागी २.२ मायक्रोफॅरड.

आता पुन्हा कॉइलकडे, म्हणजे खऱ्या कामाकडे. तीन मार्ग आहेत. सोपा मार्ग म्हणजे मोडक्या रेडिओतला किंवा खेळण्यातला ८ ओहमचा दोन इंची स्पीकर. पिन ३ पासून १०० ओहम आणि १० मायक्रोफॅरडमधून जोड, थेट नको. चालतो, कानालाही ऐकू येतो, पण त्याच्या पाठीवर चुंबक असतो. तो तारांजवळ गेला की तारा ओढल्या जातात आणि त्यांचं गुंजन मरतं. तुझ्या पिकअपमध्ये अल्निको चुंबक असतील आणि स्पीकरचा चुंबक निओडिमियमचा, तर ते चिकटवून धरणं पिकअपला धोक्याचं आहे. अल्निको जोरदार उलट्या क्षेत्रात आपली ताकद गमावतो. दुसरा मार्ग म्हणजे जुन्या हेडफोनमधला ड्रायव्हर. चुंबक लहान, धोका कमी, पण आहेच.

मी स्वतः तिसरा मार्ग घेतो. जुन्या मीडियम वेव्ह रेडिओत काळी फेराइटची कांडी असते. रविवारी किंवा बुधवारी जुन्या बाजारात असे मेलेले रेडिओ सहज मिळतात. कांडीवर कानशीनं खाच पाडून पाच-सहा सेंटिमीटरचा तुकडा मोड, ती काचेसारखी तुटते, डोळ्यांना चष्मा लाव. त्यावर कागदाचा एक थर देऊन ३६ गेजची इनॅमलची तार २०० वेढे गुंडाळ. ही तार मोटर रिवाइंडिंगवाल्याकडे ग्रॅमवर मिळते. टोकांवरचं इनॅमल पॉलिश पेपरनं नीट खरवड, नाहीतर सोल्डरचा डाग लागल्यासारखा दिसतो आणि आत जोड नसतो. कॉइलचा स्वतःचा अवरोध काही ओहमच येईल, म्हणून तो १०० ओहमचा रेझिस्टर इथंही हवाच. ही कॉइल बंदुकीच्या नळीच्या टोकाशी नळीच्या दिशेनं बसव. बंदूक कानाला जवळपास मुकी असेल, नुसती अँपमधून बोलेल. स्टेजवर हेच हवं असतं. कलाकार गिटारवर नळी रोखतो आणि आवाज गिटारमधून येतो, प्रेक्षकाला तो जादूसारखा दिसतो.

धरायचं कसं तेही सांगतो. पिकअपच्या कॉइलचा अक्ष गिटारच्या पोटाला काटकोनात असतो, म्हणून नळीही तारांवर सरळ उभी धरायची. आडवी केलीस की आवाज बराच पडतो. एकेरी कॉइलच्या पिकअपवर दोन-चार सेंटिमीटर पुरेसे आहेत. हंबकर प्रकारच्या पिकअपमध्ये दोन कॉइल एकमेकींच्या उलट जोडलेल्या असतात, दोन्हींवर सारखं पडलेलं क्षेत्र त्या एकमेकींत खोडून टाकतात. म्हणून हंबकरच्या मधोमध रोखू नकोस, एका कॉइलच्या वर, पिकअपच्या कडेकडे धर. जवळ-लांब करणं हाच तुझा व्हॉल्यूम. गोळी सुटताना नळी पिकअपपासून मागं ओढलीस तर आवाज दूर जात असल्यासारखा वाटतो.

पिकअप क्षेत्रातल्या बदलाच्या वेगाला प्रतिसाद देतो, नुसत्या क्षेत्राला नाही. त्यामुळे आपली चौकोनी लाट त्याच्यातून कडांचे टोकदार काटे होऊन निघते. त्यात गोळीची सुरुवात साडेतीन हजारांवर, आणि बहुतेक पिकअपचा नैसर्गिक उठाव दोन ते पाच हजारांच्या मधे, म्हणजे पहिला क्षण फार बोचरा लागतो. गिटारचा टोन नॉब निम्म्यावर आण, लगेच माणसात येतो. डिस्टॉर्शनची गरज नाही, ही लाट मुळातच कातरलेली आहे. डिले मात्र जरूर लाव, ३०० ते ४०० मिलिसेकंद, तीन-चार प्रतिध्वनी. वाह पेडल असेल तर गोळीबाराबरोबर सावकाश चालव.

पुरवठ्याबाबत एकच आग्रह आहे: बंदुकीला स्वतःची ९ व्होल्टची बॅटरी दे, पेडलबोर्डच्या अडॅप्टरवर चालवू नकोस. साधी ५५५ दर वेळी पलटताना पुरवठ्यातून क्षणभर मोठा प्रवाह खेचते आणि ती टिकटिक बाकीच्या पेडलमध्ये शिरते. पट्टीवर चिपच्या अगदी जवळ १०० मायक्रोफॅरड आणि १०४ छापलेला कपॅसिटर हवाच. सीमॉस जातीची ५५५ ही टिकटिक करत नाही, पण तिच्या आतले रेझिस्टर खूप मोठे असतात, पिन ५ चा कपॅसिटर त्या मानानं बराच लहान करावा लागेल आणि कॉइल चालवायला ट्रान्झिस्टर लागेल. बॅटरीच्या धन तारेत एक १एन५८१९ डायोड टाक. घाईत बॅटरीची टोपी उलटी टेकते आणि चिप जाते, माझ्या दोन गेल्या आहेत.

सामान तपकीर गल्ली आणि पासोड्या विठोबाच्या आसपास एका फेरीत मिळेल. ५५५ चार घे, सॉकेट घे, डॉट बोर्ड घे. डब्यासाठी तुझी तुळशीबागेतली बंदूकच उत्तम. पायझो आणि त्याची पट्टी काढून टाक, ट्रिगरची स्प्रिंग ठेव, तिच्या मागं मायक्रोस्विच फेविक्विकनं नाही तर इपॉक्सीनं बसव. फेविक्विकची वाफ स्विचच्या आत जाते आणि तो अडकतो.

आधी सगळं ब्रेडबोर्डवर कर आणि कॉइल दोन तारांवर लोंबती ठेवून ज्या गिटारवर प्रयोग होणार आहे त्याच गिटारवर, त्याच अँपवर ऐक. दुसऱ्या कुणाच्या गिटारवर नाही. आवाज कमी वाटला तर १०० ओहमच्या जागी ६८ लाव, त्याच्या खाली जाऊ नकोस. तालमीच्या दिवशी गिटारचा व्हॉल्यूम शून्यावर ठेवून बंदूक जागेवर आण, नळी रोख, व्हॉल्यूम उघड आणि मग ट्रिगर ओढ. या क्रमानं केलंस तर नळी हलवताना येणारी खरखर प्रेक्षकांपर्यंत जाणार नाही. ब्रेडबोर्डवर सूर घसरला नाही, तर सर्वात आधी पिन ५ वर मल्टिमीटर लाव. ट्रिगर दाबल्यावर तिथला आकडा अर्ध्या-पाऊण सेकंदात ६ च्या जवळ चढला पाहिजे. हळूहळू चढण्याऐवजी तो एकदम ८ च्या आसपास उडाला, तर तो डायोड उलटा बसलाय.